आभाळ आलं की थंडी का पळती?



डिसेंबर-जानेवारीत तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पट्ट्यातला द्राक्ष बागायतदार दिवसातून चार वेळा वर बघतो. आभाळ आलं तर डाऊनी-भुरीची धास्ती. आभाळ निवळलं तर थंडीची. मणी पाण्यावर यायच्या वेळेला पहाटेची थंडी आणि दुपारचं ऊन यात फार अंतर पडलं की मणी गुलाबी होतात आणि माल निर्यातीतून बाहेर पडतो. म्हणजे वरच्या ढगावर आपला वर्षाचा हिशेब टांगलेला असतो.

जुनी माणसं एका वाक्यात सांगायची, "आभाळ आलं की थंडी पळती." पण असं का होतं, हे कळायला जगाला बराच काळ लागला. त्या शोधात आपल्या पुण्याचाही वाटा आहे, म्हणून ही टिपण.

सुरुवात अलाहाबादपासून करू. 1775 साली सर रॉबर्ट बार्कर यांनी तिथल्या बर्फ करण्याच्या देशी पद्धतीचं वर्णन छापलं. जमिनीत दोनेक फूट खोल खड्डे घ्यायचे, तळाला उसाची नाहीतर मक्याची वाळलेली ताटं अंथरायची, त्यावर मातीची उथळ भांडी मांडून पाणी भरायचं. थंडीतल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पहाटेपर्यंत बर्फ तयार. हवा गोठण्याइतकी गार नसली तरी! ताटांमुळं जमिनीची ऊब वर येत नव्हती आणि भांड्यातली ऊब सरळ आभाळात जात होती. हे काम करणारी माणसं कुठल्या शाळेत शिकलेली नव्हती, पण ढगाळ रात्री मेहनत वाया जाते हे त्यांना पक्कं माहीत होतं.

यामागचं कारण लंडनचे डॉक्टर विल्यम वेल्स यांनी 1814 मध्ये दवावरच्या निबंधात मांडलं. प्रयोग अगदी साधा होता. चार पायांवर फळी ठेवली, लोकरीचा एक पुंजका फळीवर आणि तेवढाच दुसरा फळीखाली. सकाळी दोन्ही तोलले. वरच्यावर दव भरपूर, खालच्यावर थोडं. दव आभाळातून पावसासारखं पडत नाही. रात्री जमीन, पानं, लोकर आपली ऊब आभाळाकडं सोडत गार होतात आणि जवळच्या हवेतली वाफ त्यांच्यावर पाणी होऊन बसते. मध्ये फळी आली की ऊब अडते. ढग म्हणजे तीच फळी, फक्त उंचावरची.

ढग दुहेरी काम करतो. दिवसा ऊन परतवतो, म्हणून दुपार कमी तापते. रात्री जमिनीची ऊब शोषून त्यातली बरीच खाली परत धाडतो, म्हणून पहाट कमी गार होते. आपल्याच भागात बघा. जानेवारीत मिरजेकडं दुपारी साधारण 30 अंश आणि पहाटे 13-14, म्हणजे सोळा-सतरा अंशांचा फरक. जुलैत तोच फरक सहा-सात अंशांवर येतो. महाबळेश्वरला तर जुलैत ढग जमिनीलाच टेकलेले असतात, दिवस-रात्रीत जेमतेम दोन-तीन अंशांचं अंतर. सगळेच ढग सारखे नसतात, हेही ध्यानात ठेवा. खालचा दाट ढग चांगलं पांघरूण घालतो. उंचावरचे पातळ, पिसासारखे ढग स्वतःच फार गार असतात, त्यांचा आधार थोडा.

आता पुण्याकडं येऊ. भारतीय हवामान खातं 1875 मध्ये सुरू झालं आणि त्याचं मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. 1932 मध्ये तिथं कृषी हवामानाचं काम सुरू झालं, प्रमुख होते डॉ. एल. ए. रामदास. त्याच वर्षी त्यांनी आणि आत्मनाथन यांनी एक अजब गोष्ट छापली. निरभ्र, शांत रात्री उघड्या जमिनीवर सगळ्यात गार जागा जमिनीला लागून नसते, तर वीतभर ते हातभर उंचीवर असते. परदेशातल्या अनेकांना हे पटेना, मोजण्यात गडबड असेल असं म्हणाले. पण नंतर इतर देशांतही तेच दिसलं. 1993 मध्ये बंगळूरच्या रोद्दम नरसिंह आणि सहकाऱ्यांनी त्याचं गणित मांडलं, पुढं हवेतल्या धूलिकणांचाही संबंध तपासला गेला. आज त्या थराला रामदास थर म्हणतात. भाजीपाल्याची कोवळी रोपं नेमकी त्याच उंचीत उभी असतात.

म्हणून केंद्रावरचा आकडा आणि आपल्या रानातला आकडा एक नसतो. हवामान खात्याच्या पेटीतला तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात स्ट्रॉबेरीच्या पानावर दव गोठतं, तेव्हा वेधशाळेचा आकडा शून्याच्या बराच वर असतो. दोन्ही खरं. सखल जागेत गार हवा साचते आणि पान स्वतः हवेपेक्षा गार झालेलं असतं. आपला फळपीक विमा महसूल मंडळातल्या केंद्राच्या नोंदीवर ठरतो, त्यामुळं हा फरक नुसता पुस्तकी राहत नाही, तो पैशाचा होतो.

रोगाचंही असंच. दव निरभ्र रात्री जास्त पडतं, ढगाळ रात्री कमी. खरा धोका जोडीत आहे: निरभ्र रात्रीचं दव आणि त्यावर ढगाळ सकाळ. पान ओलं राहतं, वाळत नाही, आणि डाऊनीला तेच पाहिजे असतं. 2009 चं फयान आणि 2019 चा लांबलेला पाऊस ज्यांनी बागेत काढला, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या करतात. त्यातल्या उष्णतेचा थोडा उपयोग होतो, धुराचा फार नाही. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीची ऊब त्यांच्यातून निसटते, ढगासारखी अडत नाही. त्यापेक्षा संध्याकाळच्या आधी हलकं पाणी द्या. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते.

माझं सांगणं एवढंच: घडाच्या उंचीवर एक साधा कमाल-किमान तापमापक सावलीत टांगा. वहीत आकड्याशेजारी एक रकाना आभाळाचा ठेवा: निरभ्र, पातळ ढग, दाट ढग. वारा होता का, पान किती वाजता वाळलं, तेही लिहा. दोन हंगामात आपल्या रानाचा स्वभाव कळतो. कुणाकडं अशा जुन्या वह्या असतील तर सांगा, ताडून बघू.