चारशे ऐंशी कप्पे आणि एक मतदार

निवडणुकीचे पडघम वाजले की आपल्याकडे जॉर्ज ऑर्वेल हमखास आठवतो. कुणी सत्ताधाऱ्यांना 'बिग ब्रदर' म्हणतो, कुणी '१९८४' कादंबरीचा दाखला देतो. मीही हे पुष्कळदा केले आहे. परवा ती पुन्हा वाचायला घेतली तेव्हा लक्षात आले, की १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात निवडणूकच नाही. पक्ष आहे, भिंतीभिंतीवर नेत्याचे चित्र आहे, शत्रूचा चेहरा पडद्यावर दाखवून रोज द्वेष चेतवण्याचा कार्यक्रम आहे. पण मत मागायला कुणी कुणाच्या दारात जात नाही, कारण तिथल्या सत्तेला मताची गरजच उरलेली नाही. आपल्या काळातल्या सत्तेला ती असते. म्हणून आजचा प्रचार समजून घ्यायचा, तर ज्या कथांमध्ये मतदान होते त्यांच्याकडे वळावे लागते.

अशी एक कथा ऑर्वेलच्याही आधीची आहे. रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन यांनी १९२०-२१ च्या सुमारास 'आम्ही' नावाची कादंबरी लिहिली. तिच्यातल्या माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. दरवर्षी 'एकमताचा दिवस' साजरा होतो आणि सगळे हात वर करून त्याच एका कल्याणकर्त्याला निवडून देतात. एका वर्षी मात्र हजारो हात विरोधात वर जातात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमी असते, की कल्याणकर्ता अठ्ठेचाळिसाव्यांदा एकमताने निवडून आला. ही कादंबरी सोव्हिएत संघात छापली जायला १९८८ साल उजाडावे लागले.

झाम्यातिनची भीती उघड दडपशाहीची होती. तीस वर्षांनी अमेरिकेत वेगळीच भीती जन्माला आली. हात वर जाण्याआधीच तो कुणासाठी जाणार, हे यंत्राला कळू लागले तर?

४ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री तिथे अध्यक्षपदाची मतमोजणी चालू होती. सीबीएस वाहिनीने निकालाच्या अंदाजासाठी 'युनिव्हॅक' हा संगणक हाताशी घेतला होता. थोडीच मते मोजून झालेली असताना यंत्राने सांगितले, की आयझेनहॉवर यांना ४३८ आणि स्टीव्हन्सन यांना ९३ प्रतिनिधी-मते मिळतील. चाचण्यांनी तर चुरशीची लढत सांगितली होती. वाहिनीच्या लोकांचा विश्वास बसेना, त्यांनी तो आकडा दाखवलाच नाही. प्रत्यक्ष निकाल लागला ४४२ आणि ८९. शेवटी झाला प्रकार त्यांना प्रेक्षकांपुढे कबूल करावा लागला.

तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, आयझॅक असिमॉव्ह यांची 'फ्रँचाइज' म्हणजे 'मताधिकार' ही कथा आली. काळ २००८ चा. मल्टिव्हॅक नावाचा महासंगणक सगळ्या देशातून एकच मतदार निवडतो. दुकानात काम करणारा हा साधा माणूस. त्याला अंड्यांच्या भावासारखे प्रश्न विचारले जातात आणि त्याच्या उत्तरांवरून यंत्र निकाल ठरवते. कुणाला मत देतोस, हे त्याला कुणी विचारतच नाही. तरी आपण लोकशाहीचे मोठे कर्तव्य बजावले, या अभिमानात तो बाहेर पडतो.

वास्तव या कथेच्या फार मागे राहिले नाही. १९५९ साली अमेरिकेत 'सिमुलमॅटिक्स' नावाची कंपनी निघाली. तिने जुन्या जनमत चाचण्यांची पंच-कार्डे गोळा केली. सुमारे एक लाख लोकांच्या मुलाखती त्यांत होत्या. त्यांवरून प्रदेश, धर्म, वंश, उत्पन्न, स्त्री-पुरुष असे धागे जुळवून मतदारांचे ४८० प्रकार पाडले. १९६० साली केनेडी उमेदवार होते. ते कॅथलिक, आणि तोवर एकही कॅथलिक अमेरिकेचा अध्यक्ष झालेला नव्हता. कंपनीने अहवाल दिला, की धर्माचा प्रश्न टाळू नका. धर्मामुळे जी मते जायची ती बहुतेक गेलीच आहेत. उलट या द्वेषाची चीड असलेले कॅथलिक आणि इतर अल्पसंख्य तुमच्याकडे येतील. १२ सप्टेंबर १९६० रोजी केनेडींनी ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट धर्मगुरूंसमोर या विषयावर उघड भाषण केले. त्यात अहवालाचा वाटा किती, यावर वाद आहे.

या ठिकाणी मी बराच वेळ थांबलो. अल्पसंख्य समाजातला माणूस म्हणून मला ते भाषण आवडते. पण अहवालातला सल्ला न्यायाचा नव्हता, बेरजेचा होता. उद्या बेरीज उलटी आली, तर तेच यंत्र द्वेषाचा सल्ला देईल, आणि तितक्याच थंडपणे देईल.

राज्यशास्त्राचे प्राध्यापक युजीन बर्डिक यांना हेच दिसले असावे. १९६४ साली त्यांनी या प्रकारावर कादंबरी लिहिली आणि नाव दिले 'द ४८०'. पुस्तकाच्या शेवटी ते ४८० कप्पे छापून टाकले, आपला कप्पा ज्याने त्याने शोधावा म्हणून! सिमुलमॅटिक्स १९७० मध्ये दिवाळखोरीत गेली, पण कल्पना जगली. २०१८ च्या मार्चमध्ये केंब्रिज अॅनालिटिकाचे प्रकरण बाहेर आले. एका प्रश्नावलीच्या अॅपमधून, ती भरणाऱ्यांच्या फेसबुक मित्रांची माहितीही उचलली गेली होती. हा आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत जातो, असे फेसबुकनेच सांगितले. त्या माहितीने निकाल बदलला का, याचा पुरावा नाही. पण मतदाराला न विचारता त्याची नस शोधायची, हा उद्योग चालू होता हे नक्की.

आपल्याकडे मात्र कप्पा ठरवायला संगणक लागत नाही, मतदार यादीतले नाव पुरते. काही वर्षांपूर्वीच्या नगरपालिका निवडणुकीत गल्लीतल्या तुंबलेल्या नाल्याची तक्रार लिहून अब्बा दारात बसले होते. एका पक्षाचा कार्यकर्ता यादी घेऊन आला. "चाचा, तुमचं तर ठरलेलंच असतं," म्हणत पुढे गेला. तासाभराने दुसऱ्या पक्षाचा आला. "चाचा, तुम्ही तर आपलीच माणसं," म्हणत चिठ्ठ्या ठेवून तोही गेला. अब्बा कागदाची घडी करत म्हणाले, "दोनोंने पूछाच नहीं. नाले का किसको बोलूं?"

मतदान गुप्त असते, पण मोहल्ल्याचे मतदान गुप्त राहत नाही. यंत्रांमुळे केंद्रनिहाय आकडे सरळ हाती येतात, आणि कोणत्या वस्तीने कुणाला 'साथ दिली नाही' हे निवडून आलेल्याला कळते. अनेक यंत्रांतली मते एकत्र मोजणाऱ्या 'टोटलायझर'चा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला. विधि आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. तो अमलात आलेला नाही.

दोष फक्त बाहेरच्यांचा नाही. आमच्यातलेही काही पुढारी 'आमची इतकी मते' म्हणून गठ्ठ्याने सौदा करतात, तेव्हा तेही कप्पेच पाडत असतात. गठ्ठ्यात गेलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही, आणि त्याला उत्तर देण्याची गरजही कुणाला वाटत नाही.

झाम्यातिन, असिमॉव्ह, बर्डिक तिघांच्याही जगात मतदान थांबलेले नाही. थांबले आहे ते मतदाराला विचारणे. म्हणून येत्या निवडणुकीत यादी घेऊन कुणी तुमच्या दारात आला, तर त्याला दोन मिनिटे थांबवा आणि तुमच्या नाल्याचे विचारा. तुमचे ठरलेले नाही, एवढे तरी त्याला कळू द्या.