टीप १४ : कोरेलॉनचा आशीर्वाद

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात कोरेलॉन हे एल्फ लोकांचे आद्य दैवत. त्याला ठरावीक रूप नाही. तो पुरुषही आहे, स्त्रीही. खेळाच्या २०१८ सालच्या एका नियमग्रंथातली कथा अशी : पहिले एल्फही मनाला येईल ते रूप घेत, पण लोल्थ देवीच्या सांगण्यावरून त्यांनी कायमची शरीरे पत्करली आणि देव दुरावला. तरी क्वचित एखादे मूल त्याची खूण घेऊन जन्मते. असा एल्फ दीर्घ विश्रांती संपवून उठताना स्वतःचे लिंग बदलू शकतो. फासे टाकायचे नाहीत, मंत्र खर्ची पडत नाही. मुक्काम हलवताना खेळाडूने तेवढे सांगितले की झाले. याच खेळातल्या ‘ब्लेस’ (आशीर्वाद) मंत्राने हल्ल्याच्या आकड्यात त्रिकोणी पिरॅमिडसारख्या चार बाजूंच्या फाशाची भर पडते. इथे लढाईत काडीचाही फायदा नाही, आणि म्हणूनच मला हा या खेळातला सर्वांत सुंदर आशीर्वाद वाटतो. त्याला ‘वर’ मात्र म्हटलेले नाही. वर तप करून मागतात. हा न मागता मिळालेला आहे. नायिका पहाटे ओढ्याच्या पाण्यात इतका वेळ पाहत बसते, ती यामुळे.