भोपाळचा वेढा आणि बादशाही मोहोर

साम्राज्य मोडते तेव्हा त्याचे सुभेदार एका रात्रीत राजे होत नाहीत. जुन्या धन्याशी कोणत्या नात्याने वागावे, हे ठरविण्यातच पिढ्या जातात. मोगल बादशाहीचे हे पालटते नाते भोपाळच्या तलावाकाठी स्पष्ट दिसते.

निजामुल्मुल्क एके काळी बादशाहाचा वजीर. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत त्याने बादशाही सुभेदार मुबारिझखानास ठार केले आणि दक्षिणेत आपले राज्य थाटले. त्याला शासन करणे अशक्य होते. तेव्हा बादशाहाने त्याला 'आसफजाह' हा किताब दिला! पुढे १७३७ च्या मार्चमध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीशी जाऊन थडकला, तेव्हा याच निजामाला बादशाहाने साह्यास पाचारण केले.

निजाम मोठा तोफखाना घेऊन माळव्यात उतरला. बाजीरावाने त्याला भोपाळात कोंडले आणि त्याची दाणावैरण तोडली. उपासमारीने टेकीस आलेल्या निजामाने ७ जानेवारी १७३८ रोजी दोराहा येथे करार केला. माळवा आणि नर्मदा-चंबळेमधील मुलूख पेशव्यास द्यावा, खर्चापोटी ५० लाख रुपये मिळवून द्यावेत, असे ठरले. त्यातच एक बोलके कलम होते: या मुलखाची बादशाही सनद निजामाने आणून द्यावी.

जेत्याला हरलेल्याची मोहोर कशाला हवी? कारण तलवारीने मुलूख मिळे. परंतु वसूल बिनतक्रार यावा आणि इतर सरदारांनी हक्क मानावा, यासाठी सनदच लागे. १७३९ साली नादिरशहाने दिल्ली लुटली, तरी मोहोरेची किंमत उतरली नाही. १७४१ साली नानासाहेब पेशव्यास माळव्याची सनद मिळाली ती नायब सुभेदार म्हणून. नावाचा सुभेदार शहाजादाच राहिला! निजामाच्या राज्यातील नाणीही १८५७ पर्यंत बादशाहाच्याच नावाने पडत.

या कथेचा उत्तरार्ध आपण मराठी माणसांनी विसरू नये. १८१२-१३ साली याच भोपाळला शिंदे-भोसल्यांच्या फौजांनी वेढा घातला. आता बलाढ्य सत्ता आपली होती आणि दुबळा शेजारी भोपाळ. वजीर मुहम्मदखानाने शहर नेटाने राखले. पुढे १८१८ साली भोपाळने इंग्रजांशी तह केला. मोगलांकडून आपण सनद घेतली. शेजाऱ्याला आपला आधार वाटावा, एवढे मात्र आपल्याला साधले नाही. मग त्या शेजाऱ्याने दुसऱ्याची मोहोर शोधली, यात नवल ते काय?