आवाज मार्थाचा, चेहरा दुसरीचाच

आज एक गाणं घेऊ. तुम्ही पुण्यात असा, इंदूरला किंवा बडोद्यात. लग्नाच्या वरातीत नाहीतर जिममध्ये त्याची ती खणखणीत हाक कानावर आलेली असणारच. ‘गोना मेक यू स्वेट’. अमेरिकेत 1991च्या फेब्रुवारीत ते बिलबोर्डच्या यादीत पहिलं आलं. व्हिडिओत एक सडपातळ तरुणी ओठ हलवते. आवाज तिचा नाही. तो आहे मार्था वॉशचा.

मार्था सॅन फ्रान्सिस्कोची, जन्म 1953चा. 1970च्या दशकात ती आणि इझोरा आर्मस्टेड डिस्कोगायक सिल्व्हेस्टरच्या मागे उभ्या राहून गायच्या. दोघी अंगानं भरदार, म्हणून जोडीचं नावच पडलं ‘टू टन्स ओ’ फन’, म्हणजे दोन टनांची मौज! पुढे ‘वेदर गर्ल्स’ या नावानं त्यांनी 1982 साली ‘इट्स रेनिंग मेन’ गाजवलं.

पण 1981मध्ये एमटीव्ही सुरू झालं होतं आणि गाणं आता बघायची गोष्ट झाली होती. मार्था ठरावीक मानधनावर स्टुडिओत गाऊन यायची. मग ‘ब्लॅक बॉक्स’ या इटालियन गटाच्या गाण्यांत तिच्या आवाजावर एका मॉडेलनं ओठ हलवले. ‘गोना मेक यू स्वेट’ करणाऱ्या सी अँड सी म्युझिक फॅक्टरीनं तेच केलं. गंमत बघा, त्याच रेकॉर्डवर रॅपर फ्रीडम विल्यम्सचं नाव ठळक छापलं होतं. गाण्याचा कणा जिच्या गळ्यावर उभा, तिचं मात्र नाही. आणि व्हिडिओतल्या झेल्मा डेव्हिसला दोष देऊ नका. ती स्वतः गायिका होती. निर्णय वरच्यांचा होता.

आपल्याला हे अगदीच परकं वाटू नये. ‘महल’च्या (1949) रेकॉर्डवर ‘आएगा आनेवाला’ची गायिका म्हणून ‘कामिनी’ हे नाव होतं, सिनेमातल्या पात्राचं! श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आलं.

मार्थानं मात्र कोर्टाची पायरी चढली. ब्लॅक बॉक्सच्या प्रकरणात आरसीए कंपनीशी तडजोड झाली आणि तिच्या पदरात पडला स्वतंत्र गायिकेचा करार. म्हणजे इतकी वर्षं लोकांना नाचवल्यावर एकल कारकीर्द सुरू झाली, तीही वकिलाच्या नोटिशीतून. रॅपर नाव घेऊनच माइक हातात धरतो. नृत्यसंगीतातल्या गायिकेला नाव भांडून मिळवावं लागलं, हा फरक मला फार मोठा वाटतो. 1992चं ‘कॅरी ऑन’ डान्स क्लबांच्या यादीत पहिलं गेलं. 1993च्या अल्बमचं नाव नुसतंच ‘मार्था वॉश’.

‘स्वेट’चा तंटा मिटायला 1994 उजाडलं. त्यानंतर सोनी कंपनीनं एमटीव्हीला त्या व्हिडिओवर एक ओळ टाकायला सांगितली: गायन मार्था वॉश, दृश्य सादरीकरण झेल्मा डेव्हिस.