'इंजर' : इजा आणि अन्याय

इंजर (क्रियापद) : १. शरीरास इजा करणे, जखमी करणे. २. नावलौकिक, हित किंवा मालमत्ता यांस बाधा आणणे. ३. (कायद्यात) बेकायदा अपाय करणे. नाम : इंजरी. विशेषणे : इंजर्ड, इंज्युरिअस.

१५ एप्रिल २०२३ च्या पहाटे खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळ बोरघाटातील जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून एक खासगी बस दरीत कोसळली. तेरा जण मृत्युमुखी पडले आणि अनेक जण जखमी झाले. इंग्रजी वृत्तपत्रांनी या जखमींसाठी 'इंजर्ड' हा शब्द वापरला. त्याचे मराठी भाषांतर 'जखमी' असेच होईल आणि ते बरोबरही आहे. परंतु या क्रियापदाचा मूळ अर्थ शरीरावरील जखमेपुरता नाही.

लॅटिनमधील 'इंज्युरिया' या शब्दापासून 'इंजरी' हे नाम इंग्रजीत आले आणि त्यावरून पुढे 'इंजर' हे क्रियापद तयार झाले. 'इन' हा नकारार्थी उपसर्ग, तर 'जस' म्हणजे हक्क, न्याय, कायदा. 'जस्टिस', 'ज्युरी', 'ज्युरिस्ट' हे शब्द याच कुळातील. तेव्हा 'इंजरी' म्हणजे मुळात अन्याय, दुसऱ्याच्या हक्काचा भंग. आपल्या 'इजा' या शब्दाशी त्याचे उच्चारसाम्य असले तरी नाते नाही. 'इजा' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आहे.

नेहमीच्या वापरात 'इंजर'चे कर्म माणूस, प्राणी किंवा शरीराचा अवयव असतो. 'ही इंजर्ड हिज नी' म्हणजे त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली. निर्जीव वस्तूसाठी 'डॅमेज' वापरावे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत कर्जत तालुक्यातील नेरळ-माथेरान छोट्या रेल्वेचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि गाडी २००७ मध्ये पुन्हा धावू लागली. तेथे रूळ 'इंजर' झाले असे म्हणता येणार नाही, ते 'डॅमेज' झाले. शस्त्राने झालेल्या जखमेसाठी 'वूंड' हे क्रियापद अधिक नेमके. 'हर्ट' शरीर आणि मन दोहोंना चालते. 'हार्म' सर्वांत व्यापक असून त्यात दोष कोणाचा, हे गृहीत धरलेले नसते.

शरीराबाहेरचा अर्थ आजही जिवंत आहे. 'टु इंजर समवन्स रेप्युटेशन' म्हणजे एखाद्याच्या नावाला बट्टा लावणे. 'ॲड इन्सल्ट टु इंजरी' या वाक्प्रचारात आधी केलेल्या नुकसानीवर अपमानाची भर पडते. आपण जखमेवर मीठ चोळणे म्हणतो, ते त्याच्या जवळचे. सिगारेटच्या पाकिटावर १९७५ च्या कायद्यानुसार आलेल्या इशाऱ्यातील 'इंज्युरिअस टु हेल्थ' हे शब्द तर इंग्रजी न शिकलेल्यांच्याही परिचयाचे झाले होते. तेथे 'अपायकारक' हा प्रतिशब्द चपखल बसतो.

मूळ अर्थ सर्वाधिक जपला आहे तो कायद्याने. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४४ मध्ये कोणत्याही व्यक्तीच्या शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्तेस बेकायदा पोहोचवलेला अपाय म्हणजे 'इंजरी', अशी व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तीच व्याख्या कलम २ मध्ये कायम आहे. या व्याख्येतील कळीचा शब्द 'बेकायदा' हा होय. शारीरिक वेदना, आजार किंवा दुर्बलता यांसाठी कायदा 'हर्ट', म्हणजे दुखापत, हा वेगळा शब्द योजतो. हाड मोडणे, दृष्टी जाणे अशा गंभीर प्रकारांना 'ग्रीव्हस हर्ट', म्हणजे जबर दुखापत, म्हटले जाते. दैनंदिन व्यवहार करण्यास असमर्थ ठरण्याची या व्याख्येतील मुदत पूर्वी वीस दिवसांची होती, नव्या संहितेत ती पंधरा दिवसांची झाली.

दिवाणी कायद्यातही हा भेद महत्त्वाचा ठरतो. स्थानकाबाहेरील वडापावच्या गाडीशेजारी दुसऱ्याने रीतसर परवाना घेऊन गाडी लावली आणि पहिल्याचा धंदा घटला, तर त्याचे नुकसान होते. पण हक्कभंग होत नाही. म्हणून ती 'इंजरी' नव्हे. उलट, १७०३ च्या ॲश्बी विरुद्ध व्हाइट या इंग्लंडमधील खटल्यात एका मतदाराला मतदान करू दिले नव्हते. त्याचा उमेदवार निवडून आला, म्हणजे प्रत्यक्ष नुकसान काही झाले नाही. तरीही त्याचा हक्क डावलला गेला म्हणून न्याय त्याच्या बाजूने लागला. तेथे नुकसानीवाचून 'इंजरी' होती.

आता पुन्हा खालापूर तालुक्याकडे वळू. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडी या ठाकर आदिवासींच्या वस्तीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न जण बेपत्ता असतानाच २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवण्यात आले. डोंगराने केले ते 'हार्म', कारण डोंगराला कायदा नसतो. मात्र कायद्यात 'कृती' या शब्दात बेकायदा अकृतीही येते. करणे बंधनकारक असलेली गोष्ट न केल्याने अपाय झाला, तर त्याला 'इंजरी' म्हणता येते. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने त्या वेळी सांगितले. ते सांगणे कर्तव्यपूर्तीचा पुरावा मानायचे की त्रुटीची कबुली, हा प्रश्न ज्याला पडतो त्याला 'हार्म' आणि 'इंजर' यांतील अंतर समजले, असे मानण्यास हरकत नाही.

इंग्रजी बातमीत हे क्रियापद बहुधा कर्मणी प्रयोगात येते : 'मेनी वेअर इंजर्ड'. त्यात कर्ता दिसत नाही. मराठीत 'अनेक जखमी' लिहितानाही तो गळतो. घाईच्या बातमीत ते क्षम्य आहे. परंतु 'इंजर'च्या मुळाशी न्यायाचा नकार आहे, हे ध्यानात ठेवले तर किती जण जखमी झाले एवढ्यावर वाचक थांबणार नाही. कोणाच्या हक्काचा भंग झाला आणि तो कोणी केला, हेही तो विचारील.