पितळी वाद्यांतील पाणी

कांहीं वर्षांपूर्वीं एका परिचितांच्या घरच्या लग्नास आम्ही गेलों होतों. वरात दाराशीं येतांच बँडवाल्यांपैकीं एका वयस्क कॉर्नेटवाल्यानें वाद्य तोंडावेगळें केलें, नळीवरील एक लहानशी कळ दाबली आणि आंतील चार थेंब पाणी खालीं सोडलें. ते जाजमाच्या कडेवर पडले. "येथें थुंकतोस काय रे?" म्हणून यजमानांनीं त्यास सर्वांदेखत दरडावलें, तो बिचारा ओशाळून मागें सरला. आम्हीही त्या वेळीं कांहीं बोललों नाहीं. पुढें वाचनाच्या ओघांत त्या थेंबांचा इतिहास हातीं लागला, आणि त्या मौनाची खंत वाटूं लागली. तो इतिहास आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हें पाणी येतें कोठून तें पाहूं. आपल्या उच्छ्वासाची हवा सुमारें ३४ अंश सेंटिग्रेड उष्ण असून बाष्पानें जवळजवळ संपृक्त असते. त्या उष्णमानास एक घनमीटर हवेंत सुमारें ३७ ग्रॅम बाष्प मावतें; तीच हवा २० अंशांपर्यंत निवाली तर १७ ग्रॅमच मावतें. उरलेलें बाष्प थंड पितळेच्या आंतल्या अंगास पाणी होऊन बसतें. गार पाण्याच्या तांब्यास बाहेरून जो घाम सुटतो, त्याचाच हा सख्खा भाऊ. ज्यास आपण थुंकी म्हणतों तें बव्हंशीं असें दंवच होय. लाळेचा अंश त्यांत थोडा. परंतु तें नळींत सांचलें कीं सुराबरोबर बुडबुडूं लागतें, म्हणून वादकास तें काढून टाकणें भागच पडतें.

आपल्या तुतारीस किंवा युरोपांतील जुन्या रणशिंगास ही अडचण फारशी जाणवत नसे. साधी नळी; उलटी धरली कीं काम भागलें. मात्र अशा नळींतून निसर्गानें नेमून दिलेले मोजकेच स्वर निघतात. ही उणीव भरून काढण्याकरितां सायलीशियांत चाकरीस असलेल्या हाइनरिख श्ट्योल्त्सेल व फ्रीडरिख ब्ल्यूमेल ह्या वादकांनीं दट्ट्याची युक्ति काढली. १८१८ सालीं प्रशियाच्या सरकारनें दोघांस मिळून तिचें दहा वर्षांचें पेटंट दिलें. दट्ट्या दाबला कीं हवा अधिक लांबीच्या वाटेनें वळते आणि स्वर उतरतो. १८३५ सालीं व्हिएन्ना येथें योझेफ रीड्ल ह्यानें फिरत्या झडपेचें पेटंट घेतलें; आणि १८३८-३९ च्या सुमारास पॅरिस येथें फ्रांस्वा पेरिने ह्यानें दट्ट्यास दिलेलें रूप थोड्याफार फरकानें आजच्या ट्रंपेट-कॉर्नेटांत टिकून आहे.

ह्या शोधामुळें पितळी वाद्य दरबारांतून कामकऱ्यांच्या हातीं आलें. १८५३ सालीं मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेंत बँडांच्या चढाओढी सुरू झाल्या. तेथें वाजविणारे पुष्कळसे गिरण्यांत व खाणींत राबणारे लोक असत. पलटणींच्या बँडांतून तींच वाद्यें आपल्याकडील वरातींत शिरलीं.

परंतु लाभाबरोबर लचांडही आलें. नळी वेटोळी झाली तसें पाणी वळणावळणांत दडूं लागलें. म्हणून सखल जागीं भोंक पाडून त्यावर कळ बसविण्याची सोय झाली. फ्रेंच हॉर्न वाजविणारे मात्र अजूनही बहुधा वाद्य फिरवून व नळ्या उपसूनच पाणी काढतात. दट्ट्या व त्याची नळी ह्यांमध्यें फट इतकी बारीक असते कीं वंगणाशिवाय तो अडतो. पूर्वीं वादक त्यावर लाळच लावीत. पुढें पातळ खनिज तेल आलें. हें तेल व तें दंव एक होऊन दट्ट्याच्या अंगानें उतरतें आणि खालच्या टोपणाच्या छिद्रांतून वादकाच्या मांडीवर ठिबकतें. म्हणून जाणते वादक गुडघ्यावर एक फडकें व पायाशीं दुसरें ठेवितात.

हें फडकें नुसत्या टापटिपीचें नव्हे. पाणी आंतच राहिलें तर पितळेंतील जस्त झिजून तांबूस डाग पडतात व नळी पोखरते. माणसासही तें बाधतें. १५ वर्षें खोकल्यानें पिडलेल्या एका ट्रोंबोनवादकाची हकीकत २०१० सालीं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. त्याच्या न धुतलेल्या वाद्यांत बुरशी व जंतु वाढले होते, आणि वाद्य स्वच्छ ठेवूं लागल्यावर तो बरा झाला. २०२० च्या साथींत तर अमेरिकेंतील शाळा-कॉलेजांच्या बँडांस हें पाणी जमिनीवर न सांडतां टिपून घेण्याची सूचनाच देण्यांत आली.

तेव्हां हें पाणी टिपून घ्यावें, ह्यांत शंका नाहीं. यजमानांना जाजमाची काळजी वाटली, हेंही गैर नव्हे. चूक झाली ती शब्दांत. फुंकून वाजवावयाच्या वाद्यास उष्टें मानावयाचें, वाजविणारास दाराबाहेर उभें करावयाचें, आणि त्याच्या सुराशिवाय मात्र आपलें मंगलकार्य अडावयाचें, ही आपली जुनी खोड त्या एका वाक्यांत बोलून गेली. त्या म्हाताऱ्यानें दोन कोसांची वरात आपल्या श्वासावर वाहून आणली होती, आणि जाजमावर पडले होते ते त्या श्वासाचेच थेंब. पुढल्या लग्नांत असा कोणी दाराशीं थांबला, तर त्याच्यापुढें एक जुनें फडकें टाकावें आणि हातीं पाण्याचा पेला द्यावा, इतकें आम्हीं मनाशीं ठरविलें आहे.