दस्त्यात मुरलेली अळशी

पहिल्या महायुद्धात लढलेल्या पणजोबांच्या स्मरणार्थ त्या काळची एखादी ली-एनफील्ड रायफल मिळवायची आणि तिला मूळ रूप द्यायचे, हा उद्योग ब्रिटन-ऑस्ट्रेलियात आजही चालतो. रायफलीची वंशावळ सर्वांना ठाऊक आहे: जेम्स पॅरिस लीचा बोल्ट, 1895 ची ली-एनफील्ड, 1907 चे आखूड नळीचे तिसरे मॉडेल. लाकडाला लावायच्या तेलाची कुळी मात्र फारसे कोणी शोधत नाही.

जाणकार आधी मागाहून चढवलेले व्हार्निश उतरवतात. अक्रोडाच्या दस्त्यावर खडूच्या पुडीचा लेप देऊन तो उन्हात ठेवतात. वर्षानुवर्षे साचलेले काळे तेल लेपात उतरते. मग ब्रिटिश लष्कराच्या रिवाजाप्रमाणे अळशीचे कच्चे तेल. थोडेसेच घ्यायचे, तळव्याला ऊब लागेपर्यंत चोळायचे, वरचे पुसून टाकायचे. हवेतला प्राणवायू शोषत ते सावकाश वाळते. त्याच गुणामुळे तेलकट चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून त्या पसरून वाळवतात.

ही अळशी कुठली?

एक दावा रशियाचा. ब्रिटनला पूर्वी तिकडूनच अळशी येई. पण 1853 च्या क्रिमियन युद्धाने ती वाट अडली आणि हिंदुस्थानी मालाला जोर आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, दोन वर्षांनी सुएझ कालवा खुला झाला. वऱ्हाड-नागपूरकडचे जवस मुंबई बंदरातून विलायतेच्या तेलगिरण्यांत जाऊ लागले. लंडनच्या बाजारात ‘बॉम्बे’ अळशीला वेगळा भाव असे. कलकत्त्याच्या मालापेक्षा दाणा टपोरा आणि तेल जास्त.

दुसरा दावा अर्जेंटिनाचा, आणि तो वजनदार आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्या देशाने हिंदुस्थानला मागे टाकले. त्यामुळे 1916 मध्ये इंग्लंडात घडलेल्या दस्त्यात अर्जेंटिनाचे तेल असेल, हे मान्य करायलाच हवे. पण रायफलीला तेल कारखान्यात एकदाच लागत नाही. शिपाई ते पुन्हापुन्हा लावतो. पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेलेल्या, कुटच्या वेढ्यात सापडलेल्या मराठा पलटणींचा पुरवठा मुंबईहून होई. त्यांच्या रायफलींवर तरी आपलेच जवस चोळले गेले असणार, हा तर्क सोडवत नाही.

कुटला लढलेल्या पणजोबांसाठी दस्ता घासणाऱ्याने म्हणूनच डब्यातले ‘उकळलेले’ तेल टाळावे. त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार मिसळतात. विदर्भात जवस अजून पिकते. घाण्याचे कच्चे तेल मागवता येते.